सागाआधी पुठ्ठा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकजवळचे एक वाचक लिहितात. वय ३६, आयटीतली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी छोटं फर्निचर वर्कशॉप टाकलं, हाताखाली दोन कारागीर आणि एक म्हातारे मिस्त्री. डिझाईन स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं, रेंडर म्हणजे त्याचं फोटोसारखं चित्र ग्राहकाला पाठवायचं, होकार आला की लाकूड कापायचं, अशी त्यांची पद्धत. मागच्या महिन्यात एका कुटुंबासाठी सागाचं डायनिंग टेबल केलं, ७ फूट बाय साडेतीन फूट, २ इंच जाड टॉप. रेंडर घरातल्या सगळ्यांना आवडलेलं. टेबल घरात गेलं आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. खोली भरून गेली, खुर्ची मागे ओढली की रस्ता बंद, आणि त्या घरातल्या आजींना खुर्चीवर मांडी घालून जेवायची सवय, तर त्यांचे गुडघे टॉपखालच्या आडव्या पट्टीवर आपटतात. निम्मे पैसे अडकलेत, टेबल परत न्या असा निरोप आहे. त्यांचा प्रश्न: "मला मुळात नजरच नाही का? व्हीआर हेडसेट घेऊन रेंडरिंगचा महागडा कोर्स करू, की स्वतःचं डिझाईन सोडून तयार फोटोंवरून कॉपी करत बसू? मिस्त्री म्हणतात पुठ्ठ्याचं करून बघत जा, पण ग्राहकाकडे पुठ्ठा घेऊन गेलो तर तो मला काय समजेल?"

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण तुम्ही खोलीची मापं लिहिलीत ते फार बरं केलंत. ९ बाय ११ ची खोली आणि एका लांब भिंतीला दीड फूट खोल क्रॉकरी युनिट. ९ फूट म्हणजे १०८ इंच, त्यातून युनिटचे १८ गेले, टेबलाचे ४२ गेले, उरले ४८, म्हणजे टेबल मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना २४-२४ इंच. लांबीकडूनही तेच, १३२ वजा ८४, परत दोन्ही टोकांना २४. आता माणूस जेवायला बसला की टेबलाच्या कडेपासून मागे १८-२० इंच त्याचेच जातात, आणि त्याच्या मागून कुणाला आमटीचं पातेलं घेऊन जायचं असेल तर कडेपासून भिंतीपर्यंत ३६ इंच तरी हवेत. हिशोब दोन मिनिटांचा आहे, आणि तुम्हाला तो येत नव्हता असं मी मानणारच नाही, स्केचअपमध्ये ही सगळी मापं होतीच की. तरी तो झाला नाही. का झाला नाही हे मला नीट बोलायचंय, कारण मला वाटतं तुम्ही दोष चुकीच्या जागी शोधताय.

आधी ते "नजर नाही" बद्दल. आपल्याकडे असं समजतात की चांगल्या कारागिराला डोळे मिटले की आख्खं कपाट दिसतं, शेड, जाडी, सांधे सगळं, आणि ज्याला दिसत नाही त्याने दुसरा धंदा बघावा. मी बावीस वर्षं हे काम करतेय आणि मला अजूनही दिसत नाही. ज्यांच्याकडे शिकले त्या मिस्त्रीकाकांनाही दिसायचं नाही, पण ते कधी त्यावर विसंबलेच नाहीत. खडू घेऊन फरशीवर पलंग पूर्ण मापात काढायचे, त्यात स्वतः आडवे व्हायचे, मग उठून म्हणायचे "चार इंच वाढव". तेव्हा मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची. खूप नंतर कळलं की जगभरची मोठमोठी माणसं हेच करत होती. डेन्मार्कचा हान्स वेग्नर घ्या, ५०० हून जास्त खुर्च्या डिझाईन केलेला माणूस, मूळचा सुतारकाम शिकलेला, तो आधी छोटं मॉडेल करायचा आणि मग खुर्ची पूर्ण आकारात कागदावर काढायचा. जेम्स क्रेनॉव्ह, ज्याने १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात फर्निचरची शाळा सुरू केली, तो तर तपशीलवार ड्रॉइंगच्या भानगडीत फारसा पडायचाच नाही, भंगार लाकडाचं आणि पुठ्ठ्याचं पूर्ण आकाराचं कच्चं कपाट उभं करायचा आणि त्याच्याभोवती फिरून पाय बारीक कर, उंची कमी कर असं करत राहायचा. आणि भोपाळजवळच्या भोजपूरला कधी गेलात तर मंदिराच्या आजूबाजूच्या खडकांवर बघा, अकराव्या शतकातल्या कारागिरांनी खांबांची आणि मंदिराच्या इतर भागांची रेखाटनं दगडात कोरून ठेवलीयत, अजून दिसतात. एवढी माणसं डोक्यावर विश्वास ठेवत नव्हती तर तुम्ही आणि मी का ठेवायचा? नजर असते, पण ती अशी बघून बघून तयार होते.

आता स्क्रीनचं. रेंडर खोटं बोलतं असं मी म्हणणार नाही, मी स्वतः स्केचअप वापरते, कटिंग लिस्टला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण रेंडरमध्ये कॅमेरा कुठे होता ते आठवा. बहुतेक वेळा आपण तो भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवतो, कारण खोलीच्या आतून सगळं एका फ्रेममध्ये मावत नाही, आणि मावावं म्हणून लेन्सही वाइड करतो. म्हणजे त्या घरातला कुठलाही माणूस जिथे कधी उभा राहू शकणार नाही अशा जागेवरून काढलेला फोटो आपण त्याला दाखवतो आणि विचारतो, आवडलं का. आवडणारच. शिवाय ७ फुटांचं टेबल लॅपटॉपवर एक वीतभर होतं, त्या मापात १ इंचाचा टॉप आणि २ इंचाचा टॉप यातला फरक जेमतेम अडीच मिलिमीटरचा, डोळ्याला तो फारसा जाणवत नाही, उलट जाड टॉप जरा भारदस्त आणि छान दिसतो. घरात मात्र तोच १ इंच म्हणजे आख्खी फळी जास्त.

टॉपखालच्या पट्टीचंही तसंच. समोरून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये तुमची ५ इंची पट्टी पूर्ण दिसते, म्हणून ती "बॅलन्स्ड" वाटते. पण डायनिंग टेबल आपण समोरून, जमिनीवर डोळे टेकवून कधी बघतो? पाच फुटांवर डोळे असलेला माणूस टेबलापासून तीन फुटांवर उभा राहिला तर टॉपची कड त्याच्या नजरेच्या आड येते. पट्टी कडेपासून पाच इंच आत असेल तर तिचा वरचा चार इंचांहून जास्त भाग झाकला जातो, म्हणजे ३ इंचांची पट्टी असती तर उभ्या माणसाला ती दिसलीच नसती, टॉप नुसता पायांवर तरंगल्यासारखा वाटला असता. सोफ्यावर बसलेल्याला दिसेल थोडी, ते वेगळं. ड्रॉइंगमध्ये बॅलन्ससाठी ठेवलेल्या त्या दोन जास्तीच्या इंचांचं प्रत्यक्षात एकच काम झालं, ते म्हणजे आजींच्या गुडघ्याला लागणं. ३० इंच उंचीतून २ चा टॉप आणि ५ ची पट्टी वजा करा, २३ उरले. खुर्चीची बैठक १८. मधे ५ इंच. नुसतं पाय खाली सोडून बसणाऱ्यालाही मांडीला ७ इंच मोकळे मिळाले तर बरं वाटतं, मांडी घातली की गुडघे आणखी वर येतात आणि बाजूला पसरतात. हे कुठल्याही रेंडरमध्ये कळणार नव्हतं कारण रेंडरमध्ये आजी नव्हत्या.

आणि तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, "त्यांनीच तर अप्रूव्ह केलं होतं". मला तुमचा राग समजतो, पण जरा थांबा इथे. त्यांनी चित्र पसंत केलं होतं. ७ बाय साडेतीन म्हणजे आपल्या घरात किती, हे त्यांना कळावं अशी अपेक्षा आपण कशी करायची, तुम्हाला रोज लाकडात राहून कळलं नाही ते. त्या घरातल्या बाईंचंच उदाहरण घ्या, त्या ब्लाऊज शिवायला टाकतात तेव्हा टेलर आधी कच्चं टाचण करून अंगावर घालून बघायला सांगतो, खांद्यात ओढतंय का, हात वर करून बघा, मगच पक्की शिलाई. त्याला कुणी "याला शिवता येत नाही वाटतं" म्हणत नाही. गणपतीत मखर करायच्या आधी आपण सगळेच पाटावर डबे रचून मूर्तीची उंची बघतो. हे आपल्या लोकांच्या अगदी अंगवळणी पडलेलं आहे, लाकडाच्या बाबतीतच आपण का कोण जाणे एकदम पक्क्या शिलाईवर जातो, आणि ती शिलाई उसवायची म्हणजे ४० हजारांचा साग वाया.

तर तुमचे मिस्त्री बरोबर आहेत. पुठ्ठा कसा वापरायचा ते मी जसं करते तसं सांगते, ज्यांचं स्वतःचं वर्कशॉप नाही, ज्यांना फक्त घरी सुताराकडून काहीतरी करून घ्यायचंय, त्यांनाही हे जमेल.

पहिली पायरी नुसती मास्किंग टेपची. ग्राहकाच्या घरी पहिल्या भेटीतच फरशीवर टेबलाचा आयत टेपने चिकटवायचा आणि त्यांना सांगायचं की दोन दिवस हा काढू नका, यावर पाय न ठेवता वावरून बघा. बास. लोक पहिल्याच संध्याकाळी फोन करतात की अहो फ्रीजचं दार उघडत नाही. पण टेपला उंची नसते, आणि माणूस सपाट रेघेवरून नकळत पाय टाकतोच, म्हणून दुसरी पायरी पुठ्ठा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात फ्रीज आणि मोठ्या टीव्हीचे खोके असतात, मागितले की देतात किंवा रद्दीच्या भावात मिळतात. टॉप पुठ्ठ्याचा, मागून दोन पट्ट्या मारून ताठ केलेला, कडेला खऱ्या जाडीची पट्टी चिकटवलेली (ही जाडी विसरू नका, अर्धा खेळ तिचा आहे), खाली बरोबर उंचीचे चार खोके किंवा स्टुलं. पायांच्या जागी पुठ्ठ्याचे पाय आणि मधे पट्टी खऱ्या मापाची. लाकडाच्या रंगाचा ब्राऊन पेपर लावता आला तर लावा, पांढरा पुठ्ठा हलका दिसतो, तोच आकार गडद सागात जड दिसतो आणि मग आपण पुन्हा फसतो.

मग त्यावर खरी ताटं मांडा. मी हे दरवेळी करते. स्टीलचं ताट साधारण १२ इंच, समोरासमोर दोन ताटं म्हणजे २४, मधे भाजीची कढई आणि पोळ्यांचा डबा यायला १२, झाले ३६. तुमचे ४२ का होते? रेंडरमध्ये प्रमाण छान वाटलं म्हणून, तुम्हीच लिहिलंय. पुठ्ठ्यावर बसला असता तर तुमचाच हात भाजीपर्यंत पुरला नसता आणि तुम्ही तिथल्या तिथे कात्रीने सहा इंच उडवले असते. माणशी २४ इंच रुंदी धरतात ते ठीक आहे पण कोपऱ्यातले पाय त्यातली जागा खातात हेसुद्धा तिथेच कळतं. आणि घरातल्या सगळ्यांना बसवा, विशेषतः सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला. मांडी घालून बसणारे, एक पाय वर घेऊन बसणारे, बाळाला मांडीवर घेऊन भरवणारी आई, हे लोक कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यात नसतात.

खुर्ची किंवा कपाट असेल तर पुठ्ठा पुरत नाही. खुर्चीवर वजन टाकायला हवं, तिला भंगार लाकूड आणि स्क्रू, पाठीचा कोन बदलता येईल असं, दिसायला कसंही चालेल. कपाटाला मी पातळ बॅटनची, म्हणजे लाकडी पट्ट्यांची, नुसती चौकट करते, बाहेरच्या मापाची. याचं कारण माझा एक जुना धडा. ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट एका घरात आडवं नेलं, खोलीत उभं करायला गेलो आणि ते उभंच राहीना, कारण उभं करताना त्याचा कर्ण लागतो आणि तो ७ फुटांच्या कपाटाचा सव्वासात फुटांच्या वर जातो, साधारण ८७ इंच, आणि तिथे वर माळा होता ७ फूट २ इंचांवर. कपाट त्याखाली बरोबर मावणारं होतं, फक्त उभं करता येत नव्हतं. ते मी तिथेच कापलं, ग्राहकाच्या डोळ्यादेखत, आणि तो आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून चौकट आधी जाते, जिन्याच्या वळणावरून, लिफ्टमधून, दारातून, आणि मग कपाट.

जागा आणि माप ठरलं की पूर्ण आकाराचं ड्रॉइंग. इथे तुमच्यासारख्या स्केचअपवाल्याला वाटेल आता याची काय गरज, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. करून बघा एकदा. ६ एमएमच्या प्लायच्या शीटवर पांढरा प्रायमर मारायचा, ८ बाय ४ ची शीट म्हणजे तुमचं निम्मं काम तिच्यावर मावतं, आणि पुढून, बाजूने आणि वरून अशी तिन्ही दृश्यं एकावर एक काढायची, तीन रंगांत, निळा-लाल-हिरवा. सुरुवातीला गोंधळल्यासारखं दिसतं पण तासाभरात डोळा बसतो. फायदा हा की मग मापं वाचायचीच नसतात, पाय उचलून थेट ड्रॉइंगवर ठेवायचा आणि गुण्या लावून खूण करायची, सुताची चूक होत नाही. सांधा कुठे येतोय, पट्टीचं कूस (सांध्यात घुसणारं टोक) पायात किती खोल जाईल, समोरची आणि बाजूची कुसं आत एकमेकांना भिडतायत का, हे स्क्रीनवर झूम करून कळतं त्यापेक्षा इथे लवकर कळतं, कारण ते तुमच्या पटाशीच्याच मापात समोर असतं. कागदावर केलंत तरी चालेल पण पावसाळ्यात कागद फुगतो आणि लांब मापात फरक पडतो, म्हणून मी प्लाय म्हणते. आणि काढून झालं की शीट जमिनीवर ठेवून बघू नका, एका टोकाकडून बघितल्यावर सगळं तिरकं दिसतं. भिंतीला उभी करा, टेबलाच्या खऱ्या उंचीवर, आणि दहा फूट मागे या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. रात्री जे आवडलेलं असतं त्यातलं काहीतरी सकाळी हमखास खटकतं.

भिंतीतल्या फर्निचरला एक काठीसुद्धा ठेवते, १ बाय अर्धा इंचाची सरळ पट्टी, तिच्यावर मापाची टेप न वापरता जागेवरच खुणा करायच्या, स्कर्टिंग इथे, स्विचबोर्ड इथे, बीम इथे, मागच्या बाजूला शेल्फांच्या खुणा. आकडा नाही म्हणजे आकडा चुकीचा ऐकू येण्याचा प्रश्न नाही, कारागीर इंचात बोलतो आणि प्लायवाला एमएममध्ये, ती मारामारीच संपते.

आता व्हीआर. मी ते मोडीत काढत नाहीये. आख्ख्या फ्लॅटचं इंटिरियर करणाऱ्याला, जिथे भिंती अजून उभ्याच नाहीत तिथे, त्याचा खरा उपयोग आहे, खोलीचा आकार त्यात बराच बरोबर जाणवतो. पण तुमची चूक ज्या दोन गोष्टींत झाली त्यातली एक टेपने दिसली असती आणि दुसरी, आजींचे गुडघे, हेडसेट घालूनही दिसली नसती, त्या टेबलावर कोपर टेकत नाही ना. फोनमधलं एआर ॲप (कॅमेऱ्यातून खोलीत वस्तू ठेवल्यासारखी दाखवणारं) फुकट आहे, पहिल्या अंदाजाला वापरा, दोन-चार इंच इकडेतिकडे धरून चला. कोर्सचे पैसे आत्ता अजिबात घालू नका, विशेषतः निम्मं पेमेंट अडकलेलं असताना. आणि तयार फोटो कॉपी करायचं म्हणाल तर फोटोतलं टेबल त्या फोटोतल्या खोलीसाठी केलेलं असतं, तेच टेबल तुमच्या ग्राहकाच्या ९ बाय ११ मध्ये आणलं की तुम्ही परत आहात तिथेच येता.

ग्राहक काय समजेल, ही भीती मला सगळ्यात जास्त कळते. मीही पहिल्यांदा पुठ्ठे घेऊन गेले तेव्हा सोसायटीच्या वॉचमनने मला भंगारवाली समजून गेटवर अडवलं होतं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. पण वर गेल्यावर त्या घरातल्या माणसांनी जसं त्या पुठ्ठ्याभोवती जमून भांडायला सुरुवात केली, मी इथे बसणार, हे इतकं रुंद कशाला, तसं रेंडर बघताना कुणी भांडलं नव्हतं, तेव्हा फक्त "छान आहे" म्हणून फोन परत दिला होता. एक मात्र करा, याचे पैसे घ्या. कोटेशनमध्ये "पूर्ण आकाराचा नमुना आणि जागेवर ट्रायल" अशी वेगळी ओळ टाका, अर्धा दिवस तुमचा आणि थोडं सामान, ऑर्डर पक्की झाली की ते बिलातून वजा. फुकट दिलेल्या गोष्टीला लोक खेळ समजतात, ओळीत लिहिलेल्या गोष्टीला कामाचा भाग समजतात. आणि ट्रायलनंतर त्याच पुठ्ठ्यावर मापं लिहून दोघांच्या सह्या. पुढे वाद झालाच तर चित्रापेक्षा तो पुठ्ठा कामाला येतो.

आता हे जे टेबल अडकलंय त्याचं. परत आणू नका अजून. टेबल मोठं झालंय ही यातली चांगली बाजू आहे, लहान झालं असतं तर काहीच करता आलं नसतं. ७ फुटांचं ६ फूट होतं, ४२ चं ३६ होतं, मग १०८ इंचांत हिशोब असा बसतो: मोकळ्या भिंतीकडे १८ इंच ठेवून तिथे खुर्च्यांऐवजी भिंतीला टेकवलेला बाक, मग टेबलाचे ३६, मग क्रॉकरी युनिटपर्यंत ३६ मोकळे, आणि युनिटचे १८. युनिटची खालची दारंही उघडतील आणि मागून माणूसही जाईल. लांबीकडून दोन्ही टोकांना ३० मिळतात, स्वयंपाकघराचं दार ज्या टोकाला असेल तिकडे टेबल जरा लांब सरकवा. पट्टी ५ ची ३ करा, म्हणजे बैठकीच्या वर ७ इंच मिळतील. जुनी कुसं नव्या मापात बसणार नाहीत, पाय आत घ्यावे लागतील, ते काम मिस्त्रींना आधी दाखवा. टॉप रंधून पातळ करायच्या फंदात पडू नका, खालच्या कडेला मोठा उतार काढा, वरून धार १ इंचाची दिसेल आणि ताकद तशीच राहील. आजींसाठी एका खुर्चीची बैठक जरा रुंद आणि इंचभर खाली.

पण यातलं काहीही कापायच्या आधी त्यांच्या घरी फोन करून फक्त एक तास मागा. तुमच्याच टेबलावर जुनी चादर टाका, तिच्यावर ७२ बाय ३६ चा पुठ्ठा ठेवा, टेबल भिंतीकडे सरकवा, बाकाच्या जागी दोन स्टुलं ठेवा. गुडघ्याचं त्या टेबलावर कळणार नाही कारण जुनी पट्टी तिथेच आहे, म्हणून दोन खोक्यांवर ३ इंची पट्टीचा एक कोपरा वेगळा करून न्या आणि आजींना त्यासमोर मांडी घालून बसवा. त्यांना सांगा की आज काही विकायला आलो नाही, नुसतं बसून बघा. त्या काय म्हणतात ते मला जरूर कळवा, आणि मिस्त्रींना सोबत न्या.